ॲन आर्बरचे शनिवार

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये सप्टेंबर उजाडला की शनिवारी दुसरं काही ठरवायचं नाही, हा अलिखित नियम. मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन धावायचा तो खेळ) हंगाम सुरू झालेला असतो. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर आणि स्टेडियमची क्षमता १,०७,६०१! बाहेरून बघताना एवढी माणसं मावतात कुठे, असा प्रश्न पडतो, कारण १९२७ साली उभं राहिलेलं हे स्टेडियम बरंचसं जमिनीत उतरलेलं आहे. फाटकातून आत शिरलं की आपण वरच्या रांगांपाशी असतो आणि खोल खाली हिरवंगार मैदान एकदम नजरेत भरतं. तिथे शिकत असताना मी कितीदा तरी आत गेलो, पण दर वेळी पाय थबकलेच.

त्याआधीचा मेळा समोरच्या गोल्फ कोर्सवर. सकाळीच गाड्या लागायच्या, डिक्या उघडायच्या, शेगड्या पेटायच्या. याला टेलगेट म्हणतात. आम्हा मराठी पोरांना तिथे हक्काची जागा होती ती एका काकांमुळे. सत्तरच्या दशकात मास्टर्सला आलेले काका तिथलेच होऊन गेले. काकू बटाटेवडे तळून आणायच्या आणि बर्गरच्याच पावाला लसणीची चटणी लावून आजूबाजूच्या सगळ्यांना द्यायच्या. शेजारच्या गाडीवाल्या आजोबांना त्या चटणीची अशी चटक लागली होती की ते आम्हाला लांबून बघूनच हात उंचवायचे.

होमकमिंगच्या शनिवारी जुने विद्यार्थी येत. त्यांचा बँड मैदानात उतरे. पांढऱ्या केसांची माणसं ढोल गळ्यात अडकवून तालात चालताना बघून मला भरून यायचं. एरवीही बोगद्यातून बँड धावत येई, त्यांचा म्होरक्या मागे वाकत वाकत टोपीवरचा तुरा जमिनीला टेकवी आणि गर्दी गरजे. १८९८ मध्ये शिकागोला हरवल्याच्या आनंदात एका विद्यार्थ्यानं रचलेलं विद्यापीठाचं गाणं लागलं की मुठी आपोआप वर जात.

२०२३ चा हंगाम तर विसरणं शक्य नाही. प्रतिस्पर्ध्यांचे डावपेचांचे गुप्त इशारे चोरल्याच्या प्रकरणात प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर शेवटच्या तीन साखळी सामन्यांची बंदी आली. पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर सहायक प्रशिक्षक शेरोन मूर यांनी सूत्रं घेतली. सामन्याच्या उत्तरार्धात आमच्या नावावर एकाही पासची नोंद नाही. चेंडू हातात घेऊन धावायचं, पुन्हा धावायचं! २४-१५ नं जिंकल्यावर मूर टीव्हीवर रडले आणि आमच्या खोलीतही कुणाचे डोळे कोरडे नव्हते. पुढच्याच आठवड्यात मेरीलँडला हरवून संघानं हजारावा विजय नोंदवला. इथवर पोचलेला हा पहिलाच कॉलेज संघ.

मग २५ नोव्हेंबर. ओहायो स्टेट. या दोघांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि दोन्ही संघ तोवर अपराजित. बोचऱ्या थंडीत थर्मासमधला आल्याचा चहा हातोहात फिरत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १७-१७ अशी बरोबरी असताना आमच्या ६५ नंबरच्या झॅक झिंटरचा पाय मोडला. लाखभर माणसं गप्प. त्याला गाडीवरून बाहेर नेलं आणि लगेच पुढच्याच चालीत आमच्या ब्लेक कोरमनं २२ यार्ड धावत टचडाउन केलं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला. बोटांनी सहा आणि पाच दाखवत तो उभा राहिला, तेव्हा काकांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दंड दुखायला लागला. सामना ३०-२४. शेवटच्या मिनिटात आमच्या रॉड मूरनं ओहायोचा पास मधल्यामध्ये पकडला, तोवर जीव मुठीत होता.

पुढे रोझ बोल या उपांत्य सामन्यात अलाबामाला हरवलं, ८ जानेवारीला ह्यूस्टनमधल्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला. पंधरापैकी पंधरा सामने जिंकून १९९७ नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद! त्या रात्री साउथ युनिव्हर्सिटी रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती.

आता आमच्यातलं कुणी पुण्यात, कुणी बंगळुरात, कुणी सिॲटलला. ओहायो स्टेटचा सामना मात्र कुणीच चुकवत नाही. तिथे दुपारी बाराला सुरू झाला तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. पुण्यातली मंडळी माझ्याकडे जमतात आणि पहिल्या क्वार्टरच्या आत काकांचा व्हिडिओ कॉल येतोच.