लायनक्समधली एसटी

लायनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी बॅकअपच्या चुंबकीय टेपच्या ड्रायव्हरला (टेपचं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘एसटी’ हे नाव ठेवलं तेव्हा आपलं महामंडळ त्यांच्या गावीही नसणार. एस म्हणजे स्कझी (संगणकाला यंत्रं जोडायची एक पद्धत) आणि टी म्हणजे टेप, एवढाच त्यांचा हिशेब. पण नाशकातल्या माणसाने सर्व्हरच्या स्क्रीनवर ‘एसटी०’ वाचलं की त्याला ठक्कर बाजारचं स्टँड दिसणारच. आणि खरं सांगायचं तर ही एसटीसुद्धा वळणाने आपल्या लाल डब्यावरच गेली आहे. पुण्याच्या गाडीला सिन्नर आधी, संगमनेर नंतर. त्यात कोणाचा वशिला चालत नाही. टेपवरही तसंच: आधीचं आधी, नंतरचं नंतर.

अंबडच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या सर्व्हर खोलीत अशी एक टेप ड्राइव्ह आहे. क्लाउडच्या काळात टेप कशाला, असं येणारा-जाणारा विचारतो. आमचं एक ऑफिस गोदाकाठच्या बाजूला आहे. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं हे विचारत ज्यांचे पावसाळे गेले, त्यांना महत्त्वाच्या गोष्टीची एक प्रत दुसऱ्या जागी, वायरीपासून सोडवून कपाटात का ठेवावी हे समजावून सांगावं लागत नाही.

मला मात्र तिचं आकर्षण वेगळ्याच कारणासाठी आहे. एरवी ऑपरेटिंग सिस्टीम आपल्यापासून जागा लपवते. फाइल डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे हे आपण विचारत नाही, ती सांगत नाही. नाव घेतलं की वस्तू हजर. टेपच्या बाबतीत हा सगळा थाट गळून पडतो. इथे सिस्टीम सरळ सांगते, की बाबा रे, हेड (टेप वाचणारं-लिहिणारं टोक) आत्ता इथे उभं आहे, पुढे किंवा मागे कुठे जायचं ते तू बोल.

म्हणून एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात. ‘एसटी०’ या नावाने उघडली, तर काम संपवून बंद करताक्षणी टेप गुंडाळत थेट आरंभाला जाते, फेरी संपवून गाडी डेपोत यावी तशी. ‘एनएसटी०’ या नावाने उघडली, तर बंद केल्यावरही ती जिथे थांबली तिथेच उभी. यादी काढून पाहिली तर दोन्ही ओळींच्या सुरुवातीला तेच ‘सी’ अक्षर, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, बाइटांची सलग धार देणारं-घेणारं यंत्र. मेजर क्रमांक, म्हणजे ड्रायव्हर कुठला ते सांगणारा, दोघींचा ९. फरक फक्त त्या ड्रायव्हरखालच्या मायनर क्रमांकामध्ये: एकीचा ०, दुसरीचा १२८. (फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘ईएसए०’ असं आणखी एक नाव आहे, ते वापरलं तर काम संपल्यावर कार्ट्रिज, म्हणजे टेपची कॅसेट, बाहेरच येते. मला हा स्वभाव आवडतो. झालं ना काम? मग निघा.)

त्या एका ‘एन’वर केवढं अवलंबून असतं! समजा रात्रीच्या स्क्रिप्टने आधी हिशेबाची टार फाइल (टार हा प्रोग्राम अनेक फाइलींचं एकच गाठोडं बांधतो) लिहिली, मग ड्रॉइंग्जची, आणि दोन्ही वेळा नाव वापरलं ‘एसटी०’. पहिलं लिहून झालं, टेप आरंभाला गेली, आणि ड्रॉइंग्ज हिशेबाच्या डोक्यावर जाऊन बसली. कुठेही एरर नाही, स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणून मोकळी. टेपवर मध्येच कुठे लिहिलं की त्याच्या पुढचं सगळं गेलं असंच धरायचं. सिस्टीमच्या दृष्टीने जिथे शेवटचं लिहिलं तिथे टेप संपली.

आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा आहे, हुशार आहे. पहिल्यांदा टेप लावली तेव्हा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

“सर, यात फोल्डर दिसत नाहीत.”

“दिसणारच नाहीत. इथे फोल्डर नसतात रे, थांबे असतात.”

थांबे म्हणजे फाइलमार्क. लिहून झालं आणि बंद केलं की ड्रायव्हर टेपवर एक खूण ठेवतो. वाचताना त्या खुणेशी आलात की शून्य बाइट हाती येतात. याचा अर्थ ही फाइल संपली. नाव, तारीख, मालक, काही नाही. ‘एमटी’ नावाच्या छोट्याशा आज्ञेला ‘एफएसएफ २’ सांगितलं की ती दोन खुणा ओलांडून उभी राहते. ‘स्टेटस’ विचारलं की सांगते: फाइल क्रमांक २, ब्लॉक (फाइलचा एका वेळी लिहिलेला तुकडा) क्रमांक ०. मोजणी शून्यापासून, म्हणजे हा तिसरा थांबा. एवढीच तिची स्मरणशक्ती, पण त्यात ती चुकत नाही.

तिच्या तक्रारी मात्र कधीकधी तिरकस असतात. टेपवर ज्या आकाराच्या ब्लॉकमध्ये लिहिलं असेल, निदान तेवढं भांडं घेऊनच वाचायला जावं लागतं. टार स्वतःहून १०,२४० बाइटांचे ब्लॉक लिहितं. कोणी मोठे ब्लॉक लिहिलेले असले आणि आपण लहान बफर पुढे केला, तर लायनक्स म्हणतं, मेमरी देता येत नाही. सर्व्हरमध्ये ढीगभर रॅम रिकामी पडलेली आणि हे उत्तर! नवशिका बिचारा रॅम तपासत बसतो.

आमची कार्ट्रिज एलटीओ-८ची, म्हणजे एलटीओ या टेपप्रकाराच्या आठव्या पिढीची. आत ९६० मीटर टेप, त्यावर १२ टेराबाइट माहिती. ही माहिती एका दमात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहिली जात नाही. टेप एका टोकाला जाते, हेड किंचित सरकतं, टेप उलटी येते, पुन्हा जाते, अशा २०८ खेपा. प्रत्येक खेपेत ३२ ट्रॅक एकदम. गुणाकार करा: जवळपास दोनशे किलोमीटर झाले, म्हणजे नाशिक ते पुणे, थोडं कमी. पूर्ण वेगाने, सेकंदाला ३६० मेगाबाइट लिहिलं तरी सव्वानऊ तास लागतात. लाल डबा त्याच्या कितीतरी आधी पुण्याला पोचतो, हे महामंडळाच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

२०१० मध्ये एलटीएफएस ही टेपसाठीची फाइल सिस्टीम आली. टेपचे दोन भाग पाडायचे, एकात अनुक्रमणिका, दुसऱ्यात माल. मग टेप पेन ड्राइव्हसारखी दिसते, फाइली नावानिशी. आमच्या पोराला ते फारच पटलं. मग त्याने लांबलांबच्या दोन फाइली एकदम उघडल्या, आणि ड्राइव्ह जी इकडून तिकडे धावायला लागली, ते ऐकून शिपायाने दार उघडून आत डोकावलं. दुसऱ्या कंपनीला व्हिडिओ द्यायचे असतील तर एलटीएफएस उत्तम आहे, माझं काही म्हणणं नाही. पण रोजच्या बॅकअपला आपलं टार आणि ‘एनएसटी०’ बरं.

थांब्यांची नावं टेपला माहीत नसल्यामुळे ती कागदावर लिहावी लागतात. कार्ट्रिजच्या डबीत एक चिठ्ठी: ० हिशेब, १ ड्रॉइंग्ज, २ पगारपत्रकं. हल्ली हे काम पोरगाच करतो. अक्षर भयंकर आहे त्याचं, पण नंबर बरोबर असतात.