पिवळी व्हॅन
आज दुपारी २००६ चा 'लिटिल मिस सनशाइन' हा सिनेमा पाहिला आणि अजून त्यातून बाहेर आलेले नाही. अल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियाला निघालेलं एक कुटुंब, कुणाचं कुणाशी पटत नाही. त्यात व्हॅनचा क्लच गेलेला! सगळ्यांनी ढकलायची आणि वेग आला की एकेकाने पळत पळत आत उडी मारायची. एरवी एकमेकांवर खेकसणारी माणसं तेवढ्यापुरती हात पुढे करून एकमेकांना आत ओढतात.

पण मला हलवून गेला तो ड्वेन. वैमानिक व्हायच्या ध्यासापायी मौन धरलेल्या या मुलाला वाटेतच कळतं, की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. गाडीतून उतरून तो धावत सुटतो, ऊर फाटेस्तोवर ओरडतो. आईचंही ऐकत नाही. मग त्याची छोटी बहीण ऑलिव्ह उतारावरून खाली जाते, शेजारी बसते, त्याच्या खांद्यावर डोकं टेकते. तिच्या तोंडून एक शब्द नाही. तो उठतो आणि वर चढताना तिला उचलून घेतो.

मायकेल आर्न्टला पटकथेचं ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच.

संध्याकाळी भावाला फोन लावला, कितीतरी महिन्यांनी. काय बोलायचं सुचेना. त्यानंच विचारलं, "जेवलीस का?"