सही सोमवारी हवी होती

परळमध्ये छोट्या धंद्यांचे हिशेब, जीएसटी आणि परवाने बघायचं काम मी करते. माझ्याकडे लालबागच्या दोन जावा येतात. मालवणी, आगरी-कोळी आणि गोडा मसाला करून विकतात. मार्च ते मे त्यांच्याशी बोलायचं तर मसाला कुटणाऱ्या डंकाच्या आवाजावर ओरडावं लागतं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, एवढं कुणीही सांगेल. पण दगडफूल, नागकेशर, मायपत्री किती घालायची, हे प्रमाण त्यांच्या सासूबाईंचं. कामाला येणाऱ्या बायकांनाही ते माहीत नाही, कारण खडा मसाला दोघींतल्या थोरल्या काकू स्वतः मोजून देतात.

या धंद्याची आजवरची सगळी कागदपत्रं आम्ही वकिलाशिवाय केली. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. मोजकीच माणसं कामाला असली की गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीची, नुसती माहिती कळवायची असते. ट्रेडमार्कचा अर्जही काकूंच्या नावाने आम्हीच भरला. छोट्या उद्योगाला त्याची ऑनलाइन फी ४,५०० रुपये पडते. या कामांत काही अडलं तर बहुतेक वेळा विलंब शुल्क भरावं लागतं, नाहीतर फॉर्म नव्याने भरावा लागतो. कुणाचं घर जात नाही. अशा कामाला वकील करा, असं मी कुणाला सांगत नाही.

मग रिटेल दुकानांच्या एका मोठ्या साखळीला स्वतःच्या नावाचा मालवणी मसाला काढायचा होता. बनवणार काकू, पाकिटावर नाव साखळीचं. पहिलीच ऑर्डर एवढी मोठी की काकूंना दोन रात्री झोप आली नाही. शुक्रवारी संध्याकाळी जाडजूड इंग्रजी करार ईमेलने आला आणि फोनवर निरोप मिळाला, सोमवारी सही करून पाठवा, नाहीतर दुसरा पुरवठादार तयार आहे.

शनिवारी सकाळी काकू सुनेला घेऊन ऑफिसात आल्या. "ताई, तुम्ही एवढे सरकारी फॉर्म भरता. हे वाचा आणि सही कुठे करायची ते सांगा. पुतण्या म्हणतो, कोर्टाबाहेर नोटरी करून टाकू, म्हणजे पक्कं होईल."

नोटरीबद्दलचा हा समज मला फार छळतो. सही करणारा माणूस तोच आहे, याची खातर नोटरी करतो. कराराच्या अटी तुमच्या हिताच्या आहेत की नाहीत, हे तो बघत नाही. वाईट करारावर शिक्का मारला तर तो शिक्का मारलेला वाईट करार होतो.

मी वाचायला बसले. पैशांचं कलम माझ्या कामातलं होतं. माल पोचल्यावर ९० दिवसांनी पैसे, असं लिहिलं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या ४३बी कलमात भर घातली, त्यामुळे असे पैसे थकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा मिळत नाही. हे मी तिथल्या तिथे काकूंना समजावलं.

पुढे मात्र मी थांबले. एका कलमात लिहिलं होतं की या मालासाठी वापरलेली सर्व प्रमाणं आणि कृती कंपनीच्या मालकीची होतील. दुसऱ्यात, माल परत मागवावा लागला किंवा ग्राहकाने दावा केला तर सगळी भरपाई काकूंनी द्यायची, कमाल मर्यादा नाही. तिसऱ्यात काकूंच्या यजमानांची वैयक्तिक हमी मागितली होती.

इंग्रजी मला वाचता येत होतं. पण या वाक्यांचं कोर्टात काय होतं, ते कुठे वाकतात आणि कुठे वाकत नाहीत, हे सांगणं माझं काम नव्हे. मी काकूंना म्हटलं, "हे वकिलांना दाखवल्याशिवाय सही करायची नाही."

"वकिलाकडे गेलं की भांडण लागतं, ताई."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यात वकिलाची पायरीही धरून टाकतो. भांडण लागल्यावर गेलो तर वकिलाच्या हातात सही झालेला कागद येतो. तेव्हा त्याला बदलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

शनिवारी हायकोर्ट बंद, म्हणून माझ्या ओळखीच्या वकीलबाई फोर्टच्या ऑफिसात सापडल्या. आम्ही तिघी करी रोडहून लोकलने सीएसएमटीला उतरून चालत गेलो.

त्यांनी करार वाचण्याआधी विचारलं, "काकू, धंदा कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"आणि नफा?"

"मी आणि जाऊ, अर्धा-अर्धा."

"कागद?"

"घरातल्या घरात कसला कागद?"

त्यांनी ते वहीत टिपलं आणि बाजूला ठेवलं. मग कृतीच्या कलमावर आल्या. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. जे काही संरक्षण आहे ते मुख्यतः करारातून येतं. करारातच कृती देऊन टाकली तर उद्या साखळी तोच मसाला दुसऱ्याकडून दळून घेईल आणि काकूंना स्वतःच्या नावाने विकायलाही मनाई करू शकेल. हे ऐकून सून म्हणाली, "आई, प्रमाण तर अजून मलाही दिलेलं नाही तुम्ही." काकू काहीच बोलल्या नाहीत.

हमीच्या कलमाला सगळ्यात जास्त वेळ गेला. काका गिरणी कामगार. ८२ च्या संपात नोकरी गेली, आणि गिरणी कामगारांच्या घरांच्या २०१२ च्या सोडतीत म्हाडाचं घर लागलं. ते काकांच्या नावावर आहे. वकीलबाईंनी अगदी सावकाश सांगितलं. धंदा काकूंचा आहे, तोवर धंद्याच्या देण्यासाठी काकूंच्या मालमत्तेवर येता येतं, काकांच्या नाही. काकांनी हमीवर सही केली की कायद्याने त्यांची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, आणि कंपनी आधी काकूंकडे न जाता थेट त्यांच्याकडे वसुली मागू शकते. मसाल्यात दोष निघाला तर त्या घरापर्यंत वाट तयार होते. आणि भरपाईला तर मर्यादाच नव्हती.

"त्यांना मी हे विचारलंसुद्धा नसतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं असतं, इथे सही करा."

वाद झाला तर कोर्टाऐवजी लवादापुढे जायचं, तेही गुरुग्रामला, आणि निवाडा करणारा लवाद नेमणार कंपनीचे संचालक, असंही एक कलम होतं. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. ते त्यांनी चटकन खोडलं.

सोमवारी सहीऐवजी बदलांची यादी गेली. मुदत उलटली, पण दुसरा पुरवठादार काही पुढे आला नाही. बरीच पत्रं इकडून तिकडे गेली. हमीची अट काढली गेली, कृती काकूंचीच राहिली, पैसे ४५ दिवसांत ठरले, भरपाईला ऑर्डरच्या रकमेची मर्यादा आली. लवाद मुंबईत आणायला मात्र कंपनी तयार झाली नाही. ते ठिकाण मान्य करून काकूंनी सही केली, समजून उमजून. वकिलांची फी पहिल्या ऑर्डरसाठी आणलेल्या मिरचीच्या बिलापेक्षा कमी होती.

ज्यांना तेवढंही झेपत नाही अशा बायकांना मी आता आवर्जून सांगते की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यात नुसता सल्लाही येतो. खटला असायलाच हवा असं नाही.

वहीत टिपलेल्या त्या अर्ध्या-अर्ध्या नफ्यासाठी नंतर दोघी जावा फोर्टला गेल्या. भागीदारी करायची तर फर्म नोंदवायला हवी, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातला हक्क मिळवण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही; १९३२ च्या भागीदारी कायद्यातच तसं आहे. धाकट्या काकूंनी विचारलं, "अर्धा म्हणजे तोट्यातही अर्धा का?" वकीलबाई म्हणाल्या, वेगळं काही ठरवलं नाहीत तर हो, आणि बाहेर ज्याचं देणं असेल त्याला दोघींपैकी कुणाकडूनही सगळंच मागता येईल. धाकट्या काकूंनी विचार करायला वेळ मागितला आहे.