गणिताच्या तासाला ताल कशाला?

"तुमच्या गणिताच्या तासाला टाळ्या ऐकू येतात. त्याने मुलांचे मार्क वाढतात का?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मार्कांचं. संगीत ऐकलं की बुद्धी वाढते, हे मी कुणालाही सांगत नाही. 'मोझार्ट इफेक्ट' म्हणून जे ऐकायला मिळतं, त्याचा मूळ प्रयोग १९९३ सालचा, अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा. १० मिनिटं संगीत ऐकल्यावर आकृत्यांच्या काही कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम पाव तासात ओसरला. तेवढ्यावर शाळेतलं गणित सुधारत नाही.

पाढ्यांना चाल लावण्यावरही माझी भिस्त नाही. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सुरात घोकली गेली, आणि पाठांतराला सुराचा आधार होतोच. पण सात आठे किती विचारलं, की चालीवर शिकलेलं मूल 'सात एके सात'पासून निघतं. मला तालाची गरज वाटते ती तालातच गणित आहे म्हणून.

लसावि घ्या, म्हणजे दोन्ही संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. अर्धा वर्ग दादरा हा ताल म्हणतो, 'धा धी ना, धा ती ना', ६ मात्रा, म्हणजे ६ ठोके. उरलेला अर्धा केरवा, 'धा गे ना ती, न क धी न', ८ मात्रा. प्रत्येकाने आपापल्या समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, टाळी द्यायची. लय सारखी राहिली पाहिजे, नाहीतर सगळंच फसतं, म्हणून एका मुलीला नुसती बाकावर मात्रा धरायला बसवते. सुरू करण्याआधी विचारते, दोघांच्या टाळ्या पुन्हा एकत्र कधी पडतील? बरीच मुलं 'सहा आठे अठ्ठेचाळीस' म्हणून मोकळी होतात. मग ताल सुरू होतो. दादऱ्याची टाळी सातव्या मात्रेवर, केरव्याची नवव्या, पुन्हा दादऱ्याची तेराव्या. टाळ्या एकमेकींना चुकवत राहतात. २४ मात्रा संपतात आणि पंचविसाव्या मात्रेला अख्ख्या वर्गाची एकच टाळी पडते. "बाई, निम्म्यातच भेटले!" का भेटले, हे त्यानंतर त्यांनाच शोधायचं असतं. ६ आणि ८ या दोघांतही २ आहे, हे कुणीतरी बोलून दाखवेपर्यंत मी व्याख्या फळ्यावर लिहीत नाही.

दुसरं उदाहरण माझ्या फार जिव्हाळ्याचं. मराठीच्या पुस्तकातले लघु-गुरू गणितात आणायचे. लघु म्हणजे १ मात्रा, गुरू म्हणजे २. मग ४ मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? मुलं टाळ्या वाजवून ५ तऱ्हा शोधतात. ५ मात्रांच्या ८ निघतात. मग एखादं मूल विचारतं, ३ च्या ३ होत्या ना? शेवटी लघु असेल तर आधी ४ मात्रा भराव्या लागतात, गुरू असेल तर ३. म्हणून ५ अधिक ३. आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या: जग जिला फिबोनाचीची मालिका म्हणतं, ती हीच. फिबोनाची हा इटलीतला गणिती, त्याचं पुस्तक १२०२ सालचं. त्याच्या आधी, बाराव्या शतकातच, हेमचंद्र या जैन पंडिताने छंदशास्त्रात (वृत्तांच्या शास्त्रात) हा नियम मांडला होता, आणि विरहांक या छंदशास्त्रकाराने त्याच्याही आधी. हे सांगितल्यावर मुलं वृत्तांकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघू लागतात.

सगळीकडे ताल ओढूनताणून आणत नाही. कंपासने कोन दुभागताना वर्ग शांतच हवा. आणि पेटी-तबला लागतच नाही. हात, बाक आणि सारखी लय एवढं पुरतं. शाळेत संगीताचे शिक्षक नसले तरी अडत नाही.

मार्कांचं विचारलंत, तर माझी कसोटी अशी: लसाविनंतर काही दिवसांनी विचारते, १० मात्रांचा झपताल आणि ७ मात्रांचा रूपक किती मात्रांनंतर भेटतील? टाळी वाजवायची नाही. ज्याला ७० का, आणि इथे निम्म्यात का भेटत नाहीत, हे सांगता येतं, त्याला लसावि आला असं मी धरते.