कट्टा हातात येण्याआधीची वर्षे

आमच्या भागात आठवी-दहावीनंतर मूल एसटीने तालुक्याच्या गावी शिकायला जाते, आणि पोरांच्या टोळ्यांशी त्याची पहिली गाठ बहुधा स्टँडवरच पडते. मध्यंतरी नववीतल्या एका मुलाने मोबाईलवर देशी कट्ट्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता. कट्टा मांडीवर, खाली गणवेशाची पँट, बाजूला दप्तराचा पट्टा. पानठेल्यावर बसणाऱ्या एका मोठ्या पोराने तो घटकाभर त्याच्या हाती दिला होता. "आता कोणी माझ्या वाटेला जाणार नाही, सर," असे तो मला म्हणाला. तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरवणाऱ्या मोठ्या माणसांचा मला जास्त राग आला, कारण त्यांनीच त्या मुलाला नाव मिळवून दिले.

नेमबाजीच्या सरावासारखा अपवाद सोडला, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. अल्पवयीन मुलगा सापडला की प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. हे सारे आवश्यकच आहे, पण तोवर उशीर झालेला असतो.

अमेरिकेत ७ राज्यांतील २४ लहान गावांमध्ये २००३ पासून 'कम्युनिटीज दॅट केअर' या पद्धतीचा अभ्यास झाला. तिथे शिकारीमुळे बंदूक घरातच असते, त्यामुळे तिथली परिस्थिती इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. परंतु ज्या गावांत शिक्षक, पालक, पोलीस आणि गावातली जाणती माणसे एकत्र बसली, मुलांना प्रश्नावली देऊन धोका कुठून येतो ते त्यांच्याकडूनच समजून घेतले आणि दहा-अकरा वर्षांच्या वयापासून त्यावर काम केले, तिथल्या मुलांमध्ये पुढे पिस्तूल बाळगण्याचे प्रमाण इतर गावांपेक्षा साधारण एक चतुर्थांशाने कमी आढळले. विशेष म्हणजे तो कार्यक्रम बंदुकीसाठी आखलेलाच नव्हता; दारू, मारामारी, शाळेबद्दलची नावड आणि घरातले सैल लक्ष यांवर त्याचा भर होता.

आपल्याकडे यासाठी नवे काही उभारावे लागणार नाही. ग्राम बाल संरक्षण समिती आणि शाळा व्यवस्थापन समिती आहेतच, फक्त त्यांच्या बैठकी कार्यवृत्तापुरत्या उरल्या आहेत. जूनअखेर आपल्याकडच्या शाळा उघडतील, तेव्हा पाचवी ते आठवीच्या मुलांना बिननावाचा एक कागद द्यावा आणि विचारावे: येता-जाता भीती कुठे वाटते, कोणाची वाटते, आणि ती सांगायला घरात किंवा शाळेत कोणी आहे का? उत्तरे पोलीस पाटलांसह दोन्ही समित्यांनी एकत्र बसून वाचावीत, आणि स्टँडवर संध्याकाळच्या गाडीच्या वेळी कोणी थांबायचे, हे त्याच बैठकीत ठरवावे.