चांदोबाच्या लिंबापाशी

लहानपणी यात्रेत आईचा हात सुटून मी तासभर हरवले होते. तेव्हापासून माणसांचा लोंढा दिसला की छाती आवळते. साताऱ्यात नाताळच्या उपासनेलासुद्धा मी दाराजवळचा बाक सोडत नाही. त्यामुळे शाळेतील एका सहकारी बाईंच्या दिंडीबरोबर लोणंद ते तरडगाव चालायचे मी ठरवले, तेव्हा घरच्यांना नवल वाटले आणि चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ आपल्याच साताऱ्यात भरवला होता, एवढीच आठवण मी त्यांना करून दिली.

टप्पा लहान आहे. पण वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी माउलींचे पहिले उभे रिंगण होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिंड्या उभ्या राहिल्या, मधून अश्व दौडत गेले आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी सारी गर्दी एकदम आत लोटली. बाई कुठे गेल्या ते कळले नाही. मला श्वास घेता येईना. धैर्य दे, अशी प्रार्थना मी करत होते, पण धैर्य काही येत नव्हते.

तेवढ्यात कुणीतरी माझे मनगट धरले. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींनी एका हाताने ते सावरत लुगड्याच्या पदराचा शेव माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला, मला ओढत कडेला नेले आणि मग रागावल्या, “रिंगणात अशी मधीच हुबी ऱ्हातीस व्हय गं?”

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला, पाण्यावरून येशूकडे चालत निघालेला त्याचा शिष्य पेत्र मला त्या क्षणी आठवला. वारा पाहून तो भ्याला आणि बुडू लागला, तेव्हा येशूने आधी हात पुढे करून त्याला धरले. अल्पविश्वासी म्हणून बोल लावला तो त्यानंतर. हा क्रम मी इतकी वर्षे वाचत आले होते, पण तो माझ्या ध्यानात आला नव्हता. योहानही आपल्या पहिल्या पत्रात धैर्य भीतीला घालवते असे म्हणत नाही. पूर्ण प्रीती घालवते, असे म्हणतो. मी मात्र आयुष्यभर धैर्यच मागत बसले होते.

पुढची वाट मी त्या पदराला धरूनच चालले. आपण ख्रिस्ती असल्याचे सांगावे की नाही, ही दुसरी भीती अजून होतीच. तरडगाव जवळ आल्यावर अखेर सांगून टाकले. आजी क्षणभर थांबल्या.

“मग एकादशीला तुमच्यात काय खात्यात?”

“रोजचंच, आजी.”

“बरं हाय की,” म्हणून त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला, आणि पुढे पुन्हा गर्दी दाटलेली दिसताच मी न सांगताच मनगट पुढे केले.