हरले_नवीन

आमच्या पेपरात क्रीडा विभाग म्हणजे मी. विभाग हा शब्द फक्त पगारपत्रकावर. प्रत्यक्षात एक टेबल, एक संगणक आणि खिडकीजवळची खुर्ची. क्रिकेट, कुस्ती, कबड्डी, तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा, लेले मैदानावरचा फुटबॉल, सगळं माझ्याच हातून जातं. कुस्तीच्या बातमीत पैलवानाचं गाव चुकलं तर सकाळी सातला फोन वाजतो. भारतीय फुटबॉल संघातल्या कुणाचं नाव चुकलं तर आजवर कधी वाजलेला नाही.

२८ सप्टेंबर २०२३, अनंत चतुर्दशी. बेळगावात त्या दिवशी पेपर काढणं म्हणजे लग्नघरात बसून हिशेब लिहिण्यासारखं. आमचं कार्यालय रामलिंगखिंड गल्लीपासून दोन बोळ पलीकडे. हुतात्मा चौकातून निघालेली मिरवणूक फिरत फिरत तिथून टिळक चौकाकडे आणि पुढं कपिलेश्वर तलावाकडे जाते, ती दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी संपलेली नसते. दुपारपासूनच खिडकीच्या काचा थरथरत होत्या. अर्धा स्टाफ मिरवणुकीच्या बातम्यांवर, उरलेल्या अर्ध्याचं लक्ष मिरवणुकीवर. डाक आवृत्ती, म्हणजे खानापूर, चंदगड, संकेश्वर, निपाणीकडे जाणारा अंक, साडेसातच्या आत छपाईला लागला पाहिजे अशी तंबी होती. कारण उघड होतं. गाडीचे ड्रायव्हरही कुठल्या तरी गल्लीचेच, आणि त्या गल्लीलाही गणपती आहे.

पान तसं सोपं होतं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सकाळीच दहा मीटर एअर पिस्तुलात आपल्या पोरांनी सांघिक सुवर्ण मारलं होतं. सरबज्योत सिंग, अर्जुनसिंग चीमा आणि शिवा नरवाल, १७३४ गुण. चीन १७३३. एका गुणानं सोनं. लीड, म्हणजे पानाची मुख्य बातमी, ठरलेली. संध्याकाळी अक्षर पटेलच्या जागी अश्विनला विश्वचषकाच्या संघात घेतल्याची बातमी आली आणि वृत्तसंपादक साहेबांनी लगेच इंटरकॉमवर विचारलं, "अश्विन वर घेऊया काय?" मी म्हटलं, "शेजारी घेतो, सर." उरला खालचा तीन कॉलमचा चौकोन. तो फुटबॉलचा. पाच वाजता भारत विरुद्ध सौदी अरेबिया, बाद फेरी.

आता माझी चूक सांगतो. दुपारी चहा पितानाच माझ्या डोक्यात एक गोष्ट आली होती आणि मी स्वतःवर बेहद्द खूष होतो. भारताचा पहिला सामना झाला १९ सप्टेंबरला, चीनशी. त्या दिवशी गणेश चतुर्थी. आणि आज चतुर्दशी. म्हणजे संघ हरला तर मथळा आयता: 'भारतीय फुटबॉल संघाचेही विसर्जन'. उपसंपादकाला असा मथळा सुचला की तो मनातल्या मनात संघ हरायची वाट बघू लागतो. हे कुणी कबूल करत नाही.

मध्यंतराला ०-०. आमच्या गोलरक्षकापाशी चेंडू सारखा येत होता, पण आत जात नव्हता. मी जरा गोंधळलो. जिंकलो तर काय मथळा द्यायचा, ह्याचा विचारच केलेला नव्हता. इतक्यात पंखा थांबला. मोठ्या मूर्ती निघाल्या की वाटेवरच्या तारांसाठी लाईन काढतात, हे दरवर्षीचंच. संगणक इन्व्हर्टरवर तगले, टीव्ही गेला. शिपाई पोरानं आपला मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवून उभा केला, पण एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठलं? पडद्यावरचा भोवरा गोल गोल फिरत राहिला आणि चित्र पुन्हा आलं तेव्हा कोपऱ्यात ०-२ दिसलं. दोन्ही गोल एकाच पोराचे, ५१व्या आणि ५७व्या मिनिटाला. आम्ही एकही बघितला नाही.

मी लगेच कामाला लागलो. सव्वासहा वाजून गेले होते. नेटचा हा हाल, तर पान उद्यमबागेतल्या छापखान्यात पोचायलाच वीस मिनिटं लागणार. म्हणून ०-२ धरूनच बातमी लावली, मथळा टाकला आणि ऑपरेटरला म्हटलं, "सोडून ठेव. काही बदललं तर परत सोडू." त्यानं फाईलला नाव दिलं 'क्रीडा_हरले' आणि ती वर चढायला लागली. प्रूफ काढून मामांपुढे ठेवलं.

मामा आमचे प्रूफरीडर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी येतात. सगळा पेपर त्यांना मामा म्हणतो, मालकसुद्धा. जवानीत कॅम्पातल्या एका संघाचे गोलकीपर होते. उजव्या हाताची करंगळी तेव्हाच कधी तरी मोडली, ती वाकडीच बसली. प्रूफ वाचताना ती वाकडी करंगळी ओळीखालून सरकत जाते आणि चूक दिसली की तिथंच थांबते. त्या दिवशी ती मथळ्याखाली थांबली आणि हललीच नाही.

"हे तू लिहिलास?"

"होय मामा. जमलंय न्हवं?"

"विसर्जन कुणाचं करतात रे?"

मला वाटलं, देवाच्या नावाचा वापर खटकला असेल. तशी तयारी होती माझी. म्हटलं, "मामा, चेष्टेनं घ्यायचं. लोक हसतील."

"हसू देत की. मी विचारलो काय? विसर्जन कुणाचं करतात? घरात आणून दहा दिवस आरती केलास त्याचं. तू ह्या पोरांची कधी केलास रे आरती? फाईल काढ."

फाईल काढायची गरज नव्हती. पण काढली. वीस तारखेच्या अंकात चीनकडून १-५ हरल्याची बातमी सिंगल कॉलम, सात ओळी. राहुल के. पी.नं अगदी अरुंद कोनातून मारलेला गोल त्यात नव्हता. गुरमीतनं अडवलेली पेनल्टीही नव्हती. संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तिथं उतरला, धड एक सरावही झाला नाही, दोघे तर व्हिसाच्या घोळात मागेच राहिले होते, ह्यातलंही काही नाही. बांगलादेशला छेत्रीच्या पेनल्टीवर १-० हरवलं, ती बातमी 'थोडक्यात'मध्ये, एका टायर कंपनीच्या जाहिरातीखाली. म्यानमारशी १-१ झाला आणि तेरा वर्षांनी भारत आशियाई स्पर्धेच्या बाद फेरीत गेला, ती लावलीच नव्हती. त्या दिवशी एका बक्षीस समारंभाचा फोटो मोठा घ्यावा लागला होता. फोटोत सतरा माणसं होती.

मामा काही बोलले नाहीत. मग स्वतःच सुरू झाले. जकार्ता. फुटबॉलची बातमी प्रूफला आली की जकार्ता येतंच, आम्हाला पाठ आहे. १९६२ची आशियाई स्पर्धा. फायनल दक्षिण कोरियाशी, मैदानात लाखभर माणूस आणि सगळं आपल्याविरुद्ध ओरडणारं. जर्नैलसिंग मूळचा बॅक, आधीच्या सामन्यात डोकं फुटून टाके पडलेले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला मागं ठेवलाच नाही, पुढं काढला. पी. के. बॅनर्जीचा एक गोल, जर्नैलचा एक, भारत २-१. रहीमसाहेब स्वतः आजारी होते, पुढच्या वर्षी गेलेच. त्याआधी १९५१ला दिल्लीत मेवालालच्या एका गोलावर इराणला हरवून पहिलं सोनं. नंतर १९७०ला ब्राँझ, आणि मग पदक नाहीच.

"तेव्हा पेपरवाले पण होते," मामा म्हणाले. "आता हे पोरं पाठवलेत ते कसे? कोण देतंय ते. क्लबवाले सोडंनात, लीग एकवीस तारखेला सुरू. चोवीसच्या आतली पोरं, वर तिघं मोठी, त्यातला एक एकोणचाळीस वर्षांचा. २०१८ला तर पाठवलेच नाहीत. औंदा पण आधी नाहीच म्हणाले होते. त्यातनं जाऊन ते पहिल्या सोळात आलेत. आणि तू तलावाच्या काठावर येऊन उभा राहिलास, बुडवायला."

इतकं बोलून ते प्रूफच्या दुसऱ्या कॉलमकडे वळले. अश्विनच्या बातमीत 'दुखापतग्रस्त'ला ऱ्हस्व-दीर्घाचा काही घोळ होता, तो सुधारला. जसं काही झालंच नाही.

मी खुर्चीत बसलो. बाहेर ताशाचा कडकडाट बोळात शिरून भिंतीवर आपटत होता. राग आला होता, हे खरं. असा मथळा वर्षातून एकदा सुचतो. पण सात ओळींची ती बातमी समोर उघडीच होती आणि तिच्याखाली माझंच संक्षिप्त नाव.

मथळा बदलला. 'सौदीपुढे भारताची झुंज संपुष्टात'. मिळमिळीत आहे, मान्य. पण खालच्या मजकुरातली चार विशेषणं उडवली आणि त्या जागेत आदल्या संध्याकाळचं उतरणं, तेरा वर्षं, क्लबांनी न सोडलेले खेळाडू, हे सगळं बसवलं. तीन कॉलमांत ते बसवताना लालचुंगनुंगा आणि चिंगलेनसाना ही नावं ओळीच्या टोकाला येऊन येऊन तुटत होती. अक्षरं आवळली, मोकळी केली, तरी पुन्हा तुटली. ऑपरेटर वैतागून म्हणाला, "सर, ह्यांची टोपणनावं नाहीत काय?" शेवटी एका ठिकाणी लालचुंगनुंगा ओळीत एकटाच ठेवला.

सामना संपला, ०-२च राहिला. ऑपरेटरनं नव्या फाईलला नाव दिलं 'क्रीडा_हरले_नवीन' आणि चढवली. सात वाजून पाच मिनिटांनी छापखान्यातून फोन आला. नेमकं तेव्हाच एक मंडळ बोळाच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. मी एका कानात बोट घालून ओरडत होतो.

"कुठलं पान लावू सर?"

"हरले! हरले नवीन!"

"काय?"

"हरले! हरले लाव! नवीन!"

"हां हां, हरले. कळलं."

फोन ठेवला. मला वाटलं, कळलं.

साडेआठला लाईन आली, शहर आवृत्तीचं काम सुरू झालं. नऊच्या सुमारास छापखान्यातल्या पोरानं सवयीप्रमाणे डाक आवृत्तीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. वर सुवर्ण, शेजारी अश्विन हसतोय, आणि खाली ठळक काळ्या अक्षरांत: 'भारतीय फुटबॉल संघाचेही विसर्जन'. फोन केला तेव्हा निपाणीची गाडी जाऊन पाऊण तास झाला होता. खानापूरची त्याच्याही आधी. छापखान्यातल्या पोराचा दोष नव्हता. त्यानं ऐकलं तेच लावलं. 'नवीन' तेवढं ढोलात गेलं.

वृत्तसंपादक साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, चांगला आहे की मथळा! शहराला का बदललास?" मी काही बोललो नाही. मामा तोवर गल्लीच्या गणपतीबरोबर गेले होते. शहर आवृत्तीत नवीनच फाईल लावली, ह्या वेळी उद्यमबागेला फोन न करता मोटरसायकलवरून स्वतः गेलो. गोव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत गर्दीत अडकलो, गुलालानं शर्ट लाल झाला, तो अजून तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आलो. फोन एकच आला होता, कडोलीजवळच्या एका गावातून. कबड्डीच्या निकालात त्यांच्या संघाचं नाव उलटं छापलं होतं. फुटबॉलबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं.

टेबलावर डाक आवृत्तीचा अंक घडी घालून ठेवलेला. मामा प्रत्येक आवृत्ती छापून आल्यावर पुन्हा वाचतात, तांबड्या पेननं खुणा करून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवतात. क्रीडा पान उघडलं. मथळ्याला खूण नव्हती. आजूबाजूलाही नव्हती. खाली पहिल्या परिच्छेदात सौदीच्या त्या पोराचं आडनाव मी 'मर्रान' लिहिलं होतं, तिसऱ्यात 'मारान'. दोन्हीभोवती गोल, आणि समासात मामांच्या वळणदार अक्षरात: 'एकच ठेव.'